एका वहीत दोन तास

प्राथमिक शाळेतल्या कोणत्याही वर्गाच्या विज्ञानाच्या चाळीस वह्या टेबलावर ठेवा आणि एक पान उघडा. चाळीसही वह्यांत एकच उत्तर असते. शब्द तेच आणि स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी, कारण ते फळ्यावरून उतरलेले असते किंवा गाइडातून. खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि सही. अशा वह्या तपासायला सोप्या असतात, पण कोणते मूल काय विचार करते हे त्यांतून कळायची काही सोय नसते. शेजारी मराठीच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला, तर त्यात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ चाळीस वेळा सापडेल. ज्याच्या घरात दर जुलैला गुडघाभर पाणी शिरते, त्याच्याही निबंधात सृष्टी हिरवा शालूच नेसते.

या दोन गठ्ठ्यांचे दुखणे एकच आहे असे मला वाटते, आणि हे पुस्तक त्या दुखण्याबद्दल आहे. मुलाला लिहायला सांगितले जाते, पण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे का, हे आधी कोणी पाहत नाही. उत्तर बाईंना ठाऊक असते आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असते. अशा ठिकाणी लिहिणे म्हणजे हजेरी लावणे. आपल्या गटाच्या कुंडीतल्या मटकीच्या पाच दाण्यांपैकी तीनच का उगवले, हे मात्र बाईंना खरोखर माहीत नसते. ते सांगायचे तर मुलाला शब्द शोधावे लागतात, क्रम लावावा लागतो, आणि न पाहिलेल्या माणसाला पटेल असे लिहावे लागते. भाषेच्या तासाला आपण जे शिकवू पाहतो, ते हेच.

तरीही शाळेच्या वेळापत्रकात विज्ञानाचा आणि भाषेचा हे दोन तास एकमेकांना भेटत नाहीत. २०२१च्या जुलैत ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. या उद्दिष्टाला माझा विरोध नाही. वाचता न येणाऱ्या मुलापुढे कसले विज्ञान मांडणार? पण ‘आधी वाचन पक्के होऊ द्या, परिसर अभ्यास नंतर पाहू’ असा त्याचा अर्थ शिक्षक लावतात आणि त्यांच्या वरचेही लावतात, तेव्हा काळजी वाटते. वाचन पक्के होते ते कशाबद्दल तरी वाचून. मुलाला जगाविषयी जितके ठाऊक, तितका मजकूर त्याला अधिक उलगडतो. विज्ञानाचा तास काढून वाचनाला दिला, तर वाचनाचाच शिधा कमी होतो.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये नॅन्सी रोमान्स आणि मायकेल व्हिटाली यांनी चौथीच्या वर्गांत याच्या उलटे करून पाहिले. रोजचा वाचनाचा नेहमीचा वेळ त्यांनी दोन तासांच्या सलग विज्ञानाला दिला. वाचन आणि लेखन त्यातच, विज्ञानाच्या निमित्ताने. पहिले निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञानात ही मुले पुढे गेली याचे फारसे नवल नाही. पण वाचनाच्या प्रमाणित चाचणीतही ती नेहमीच्या वर्गांच्या पुढे होती. परदेशातले आकडे इथे जसेच्या तसे लागू करू नयेत, हे खरे. तरीही विज्ञानाला दिलेला वेळ वाचनातून वजा होतो, हे गृहीतक एवढ्याने तरी डळमळायला हवे.

हे दोन तास एकत्र कसे येतात, ते एका उदाहरणाने जरा सावकाश सांगतो.

डिसेंबरात पुण्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून सरळ रोवायची. सकाळी साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आणि लांबी मोजायची. त्याआधी प्रत्येकाने वहीत एक वाक्य लिहायचे: सर्वांत लहान सावली किती वाजता पडेल? बहुतेक मुले ‘बारा’ लिहितात. मोठी माणसेही तेच लिहितील. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात बाराच्या ठोक्याला सावली ९२ सेंटीमीटरच्या आसपास भरते आणि त्यानंतरही कमी होत राहते. साडेबारा उलटल्यावर ती ९० पर्यंत येते आणि मग वाढू लागते.

आता वर्गात भांडण सुरू होते, आणि त्या भांडणासाठीच हा सारा खटाटोप. ज्या गटाची सावली १२ वाजून १० मिनिटांनीच वाढू लागली, त्याला बाकीचे गट म्हणतात, ‘तुमची काठी कलली असणार.’ तो गट म्हणतो, ‘तुमचे घड्याळ पुढे असणार.’ काठी कशी रोवली, मोजपट्टी कुठे धरली, टोकाची अंधूक कडा कोणती मानली, हे सगळे लिहिलेले असेल तरच हा वाद मिटतो. ‘आम्ही काठी लावली आणि सावली मोजली’ या वाक्याने तो मिटत नाही. कृती नेमकी लिहायची असते, हे मुलाला बाईंनी सांगावे लागत नाही. ते विरुद्ध गट सांगतो. भाषेच्या पुस्तकात ‘उभयान्वयी अव्यये ओळखा’ असा प्रश्न असतो आणि मुले त्यांच्याखाली रेघा मारतात. इथे ‘पण’, ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘जर काठी सरळ असती तर’ यांच्यावाचून पुढचे वाक्यच लिहिता येत नाही.

वाद बऱ्यापैकी मिटतो, पण प्रश्न राहतो. साडेबाराच का? वाचनाची वेळ ही. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, एवढे सांगणारा अर्ध्या पानाचा मजकूर मुलांच्या हाती द्यायचा. पुणे सुमारे ७४ अंशांवर. साडेआठ अंशांचा फरक, चौतीस मिनिटे. हाच मजकूर जूनमध्ये ‘उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ म्हणून दिला असता, तर मुलांनी प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधून ते वाक्य उतरवले असते. आता ती उतारा दोनदा वाचतात, कारण त्यांचे काहीतरी त्यात अडकले आहे.

यातून पत्रलेखनही निघते. ‘तुमच्या मामांना सहलीचे वर्णन करणारे पत्र लिहा’ हे पत्र कोणत्याही मामाला कधी पोचलेले नाही. पुण्याच्या वर्गाने नागपूरच्या आणि सावंतवाडीच्या एखाद्या वर्गाला खरे पत्र लिहावे: काठी एवढी घ्या, अशी रोवा, अमुक दिवशी मोजा आणि उत्तर पाठवा. त्याच दिवशी नागपूरला तेवढ्याच काठीची सर्वांत लहान सावली ९९ सेंटीमीटरच्या जवळ येईल, आणि पुण्याच्या आधी सुमारे वीस मिनिटे. सावंतवाडीला ती ८२ च्या आसपास असेल. असाच फरक पकडून एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा घेर काढला होता. ती गोष्ट मुलांना यानंतर सांगावी, आधी सांगितली तर ती नुसती गोष्ट होते. पत्रात सूचना धूसर असतील, तर नागपूरची मुले भलतेच काही मोजतील आणि पुन्हा पत्र लिहावे लागेल. लेखनाची एवढी प्रामाणिक परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

मोजणी चालू ठेवली तर संक्रांतीपर्यंत आणखी एक गंमत हाती लागते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे घरोघर सांगतात. वहीतली सावली मात्र डिसेंबर संपायच्या आधीच आखडू लागलेली असते आणि १४ जानेवारीला ती पुण्यात ८३ पर्यंत आलेली असते. मग आजी चुकली का? दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वी मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ जवळजवळ एकत्र होत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, म्हणून आता त्यांच्यात तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. पाचवीच्या मुलाला आसाचे डोलणे पूर्ण समजणार नाही. पण आजीशी बोलताना ‘तुझे चूक आहे’ म्हणावे की ‘माझ्या वहीत असे आहे’ म्हणावे, हा फरक त्याला समजतो. (काठीची सावली पुण्यात पार नाहीशी होते ती मेच्या मध्याला. तेव्हा शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्यांदा तसे होते तेव्हा ढग. आपल्या शैक्षणिक वर्षाने सूर्याशी सल्लामसलत केलेली नाही.)

वाचनाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. ‘स्वतः करून शिका’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना पुस्तकाचा जरा रागच असतो. तो मला पटत नाही. मुलाने सगळेच स्वतः करून पाहायचे म्हटले, तर ते डायनासोरपर्यंत आणि जंतूंपर्यंत कधी पोचणार? पुस्तक ही दुसऱ्या कोणाची तरी नोंदवही आहे, अशा नजरेने ते वाचायला शिकवावे. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीम इथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन पाहते. तिने ते स्वीकारले की नर पुढे दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांना तिथे दिसले. आपल्या मुलांना सुगरण भेटते ती बहिणाबाई चौधरींच्या कवितेत, आणि तिथे खोपा बांधणारी आई आहे. दोन्ही मजकूर एकाच आठवड्यात वर्गात आणून पाहावेत. कविता खोटी ठरली का, यावर सहावीची मुले कसे बोलतात ते ऐकण्यासारखे असते. ‘कवितेत आई आहे, पक्षी नाही’ असे एखादे मूल म्हणते, तर दुसरे विचारते, की सलीम अलींना नर कोणता हे ओळखायचे कसे कळले? पहिले वाक्य साहित्याच्या समजेचे, दुसरे विज्ञानाच्या. ती दोन्ही एका तासाला निघाली, यात बिघडले काहीच नाही.

हा विचार महाराष्ट्राला किंवा देशाला नवा नाही. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्हाभर पसरला आणि ‘एकलव्य’ संस्थेने तो चालवला; २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्यांच्या ‘बालवैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. मुलांनी प्रयोग करायचा, पाहायचे, चर्चा करायची आणि स्वतः लिहायचे. परीक्षेला पुस्तक जवळ बाळगायची मुभा असे, कारण त्यातून उतरवून काढण्यासारखे फारसे नसेच. त्या कार्यक्रमातली मला सर्वांत आवडलेली कल्पना म्हणजे सवालीराम. हा एक काल्पनिक माणूस. मुलांनी आपले प्रश्न त्याला पत्राने कळवायचे आणि त्याच्याकडून उत्तरे यायची. प्रश्न विचारणे ही तोंडी हिंमत आहे, पण प्रश्न लिहून विचारणे हे कौशल्यही आहे. आपल्याला नेमके काय कळत नाही, हे दोन ओळींत मांडायला पुष्कळ कळावे लागते.

महाराष्ट्रात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत आणि मुंबईतल्या वंचित मुलांसोबत काम करताना व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले, की पुष्कळदा मूल विज्ञानात अडत नाही, विज्ञानाच्या पुस्तकाच्या भाषेत अडते. वाक्ये लांब, कर्ता गायब, आणि एका ओळीत तीन अनोळखी संज्ञा. तोच आशय सोप्या भाषेत मांडला की मुले पुढे सरकत. हे सांगणारा माणूस मूळचा भौतिकशास्त्रज्ञ होता, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. याच केंद्रातल्या जयश्री रामदास यांनी पुढे केलेली ‘हलकंफुलकं विज्ञान’ ही प्राथमिक वर्गांसाठीची पुस्तके मिळाली तर जरूर पाहावीत. त्यांत मुलांना बोलायला, चित्र काढायला आणि लिहायला विज्ञानाच्या पोटातच जागा आहे.

फ्रान्समध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात प्रत्येक मुलाजवळ एक प्रयोगवही असते. तिच्यात मुलाचे स्वतःचे लेखन, गटाचे लेखन आणि सगळ्या वर्गाने वादविवादानंतर मान्य केलेले लेखन यांच्या जागा वेगवेगळ्या. ही विभागणी इथल्या कोणत्याही शाळेत बिनखर्चात करता येईल. पहिल्या जागेत मुलाचे चूक मत चुकीचेच राहू द्यायचे. ते खोडायचे नाही. महिन्याभराने मुलाने मागे पान उलटले, तर आपले मत कुठे बदलले ते त्याला दिसले पाहिजे.

इथे शिक्षक शुद्धलेखनाचे काय करायचे, असे विचारतात, आणि ते विचारणे रास्त आहे. नोंद घाईत केलेली असते. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असणारच. माझे मत स्पष्ट आहे: नोंदीला लाल शाई लावू नये. तीच नोंद भित्तिपत्रकावर जायची असेल किंवा पत्रातून नागपूरला, तेव्हा मात्र एकही चूक राहू देऊ नये. कोणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर मुले स्वतःच ‘सावली’तली वेलांटी विचारायला येतात. घरच्या बोलीचेही तसेच. मेळघाटातले कोरकू मूल किंवा डहाणूकडचे वारली मूल गवताचे, किड्याचे, मातीचे जे नाव सांगते, ते पुष्कळदा पुस्तकातल्या नावाहून नेमके असते. नोंदीत ते नाव राहू द्यावे आणि शेजारी पुस्तकातले लिहावे. ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याने चित्र काढावे, सांगावे. बाईंनी त्याच्या शब्दांत ते खाली लिहावे. आपण बोललेले कागदावर उमटलेले पाहणे, ही पुष्कळ मुलांच्या वाचनाची पहिली पायरी असते.

एकत्रीकरण फसते कसे, हेही सांगायला हवे. जलचक्रावरचा उतारा आणि त्याखाली पाच प्रश्न, एवढ्याने विज्ञान आणि भाषा एकत्र येत नाहीत. फक्त भाषेचे पुस्तक कोरडे होते. झाडांवरचे गाणे म्हणून वनस्पतीचे भाग शिकवून झाले, असेही नाही. उलट बाजूने, व्हिनेगर आणि सोड्याचा फेस दाखवून टाळ्या मिळवल्या आणि कोणी काही लिहिले नाही, की तो जादूचा खेळ होतो. आधी हात, मग तोंड, मग लेखणी, मग पुस्तक हा क्रम बहुतेक वेळा चालतो. नेहमीच चालतो असे नाही. कधी एखाद्या वाचलेल्या ओळीतूनच प्रश्न उगवतो, आणि मग तिथून सुरुवात करावी.

सरकारी पातळीवर काय होऊ शकते आणि काय होत नाही, याचे अलीकडचे एक उदाहरण आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ या मथळ्याची कोरी पाने घातली गेली. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा हेतू. मुले वह्या आणतच राहिली आणि २०२५ मध्ये ती पाने बंद झाली. मथळा मात्र चांगला होता. त्या पानावर काय नोंदवायचे आणि ते कोण वाचणार, हे शिक्षकाला कोणी सांगितले असते, तर मुलाच्या पाठ्यपुस्तकात त्याची स्वतःची चार वाक्ये छापील वाक्यांच्या शेजारी राहिली असती. कोऱ्या पानाने आपोआप कोणी लिहीत नाही.

हे पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने वाचायची गरज नाही. ज्या ऋतूत ते हाती पडेल, त्या ऋतूचे प्रकरण उघडावे. जूनमध्ये काठी रोवू नये. ढगांनी निराशा होईल. पाऊस मोजावा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापून तिचा वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवला, बाहेरून पट्टी चिकटवली, की पर्जन्यमापक तयार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा कळले की शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून गेले, हा हिशेब मुले आपण होऊन करतात. मग रोज सकाळी वर्तमानपत्रातून किंवा तलाठ्याकडून आपल्या महसूल मंडळाचा आकडा मिळवून वर्गातल्या आकड्याशेजारी लिहायचा. मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्याशी पीकविम्याचा संबंध असतो, त्यामुळे घरची माणसेही ही वही मागून पाहतात. आपल्या बाटलीत ४२ मिलिमीटर आणि मंडळाचा आकडा १७, असे झाले, तर त्याची काय काय कारणे असू शकतात आणि त्यांतले कोणते कसे तपासून पाहता येईल, हे लिहायला पाचवीच्या मुलाला अर्धे पान पुरत नाही.